घरदुरुस्तीचे कर्ज की तालुक्याला घर : एका बँकसेवेविषयी अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात वडिलोपार्जित कवेलूचे घर आणि जवळच्या शाळेत मास्तरकी, अशा अनेक कुटुंबांपुढे जो प्रश्न असतो, तोच आमच्यापुढेही होता : कर्ज काढून हेच घर दुरुस्त करावे, की तालुक्याला लेआउटमध्ये तयार घर घेऊन बिऱ्हाड हलवावे. आम्ही दुरुस्तीच्या बाजूने कौल दिला आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतून घरदुरुस्ती कर्ज घेतले. ही सेवा घेण्याजोगी आहे, असे माझे मत आहे. मात्र मंजुरीपूर्वी शाखेने जी आस्था दाखवली, ती मंजुरीनंतर राहिली नाही.

सर्वांत मोलाचे काम बँकेच्या यादीवरील अभियंत्याने केले. घराचे मूल्य ठरवून परत जाण्याइतकेच त्यांचे काम होते, तरी त्यांनी माळवदापासून न्हाणीपर्यंत सगळे घर पाहिले. मधल्या खोलीतील मयालीचे, म्हणजे छताचा भार घेणाऱ्या आडव्या तुळईचे, टोक जिथे भिंतीत रुतले आहे, तिथे त्यांनी हातातली किल्ली खुपसली, तेव्हा बाहेरून शाबूत दिसणाऱ्या सागवानातून वाळवीने खाल्लेला भुसा भराभर खाली पडला. “काका, नुसता रंग मारून भागणार नाही, ही मयाल बदलावीच लागते,” असे त्यांनी बाबांना समजावून सांगितले. स्लॅब टाकायचा आमचा विचार होता, पण मातीच्या भिंतींना त्याचा भार पेलत नाही आणि कॉलम उभे करायचे तर घर नव्यानेच बांधल्यासारखे होईल, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्याऐवजी जुन्या भिंतींवर भार न देणारी लोखंडी चौकट उभारून कवेलू पुन्हा चढवावेत आणि मागच्या सांदवाडीत संडास-न्हाणी व एक खोली विटांची बांधावी, ही सूचना त्यांचीच. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा मातीच्या दीड हात जाड भिंतीआड जो निवारा मिळतो, तो स्लॅबच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत मिळत नाही, हे इकडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

तालुक्याची घरेही आम्ही पाहिली. आपली जुनी गावे पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीवर, वसलेली आहेत, तर नवे लेआउट बहुतेक काळीत, म्हणजे शेताच्या काळ्या मातीत, पडलेले आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेला नसेल, तर दोन-चार वर्षांतच दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. तशा भेगा पुट्टी भरून झाकलेल्या आम्हाला प्रत्यक्ष दिसल्या. आकड्यांचा हिशेबही बोलका आहे. ६ लाखांचे कर्ज १० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ७,६०० रुपये येतो आणि एकूण व्याज ३ लाख १२ हजारांच्या आसपास जाते. तयार घरासाठी २५ लाख २० वर्षांकरिता त्याच दराने घेतल्यास हप्ता जवळपास २२,५०० रुपये पडतो आणि व्याज मुद्दलाच्याही वर जाते. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी. एक गोष्ट मात्र विकत घराच्या बाजूने जाते : जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या खरेदी-बांधकामाच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला २ लाखांपर्यंत मिळते, दुरुस्तीच्या कर्जावर ती ३० हजारांवरच थांबते. नोकरदारांनी हा फरक आधीच धरून चालावे. आमच्या बाबतीत तो निर्णय फिरवण्याइतका नव्हता, कारण बाबांची शेती आणि गोठा गावातच आहे आणि ते तालुक्याला राहायला येणारही नव्हते.

कागदपत्रांत शाखेने अडवले नाही, कारण स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन आमची मिळकत पत्रिका आली होती. केवळ ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यावर) कर्ज देण्यास व्यवस्थापकांनी सुरुवातीलाच स्पष्ट नकार दिला असता, असे त्यांनी सांगितले. ज्यांची पत्रिका निघालेली नाही किंवा आजोबांच्याच नावावर आहे, त्यांनी अर्जापूर्वी अनुक्रमे पत्रिका काढून आणि वारस नोंद करून घ्यावी.

तक्रारी दोन आहेत. प्रक्रिया शुल्काव्यतिरिक्त कायदेशीर शोध आणि मूल्यांकनाचे पैसे लागतील, हे आधी कोणी बोलले नाही, आणि जीवन विम्याचा अर्ज इतर कागदांत सहीसाठी ठेवलेला होता. हा विमा कायद्याने सक्तीचा नाही, असे म्हटल्यावर तो मुकाट्याने काढून घेतला गेला. पण जे वाचणार नाहीत त्यांचे काय? दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार मिळते, हे योग्यच. परंतु कवेलू उतरवून झाल्यावर दुसऱ्या टप्प्याची पाहणी लांबली आणि मृग तोंडावर आला असताना घर उघडे राहिले. मिस्त्रीला उसनवारीने पैसे द्यावे लागले. म्हणून अर्ज दिवाळी आटोपताच करावा, पहिला टप्पा न्हाणी आणि विटांच्या खोलीसाठी घ्यावा आणि छताच्या टप्प्याची पाहणी कधी होईल हे शाखेकडून लेखी घेतल्याशिवाय एकही कवेलू खाली उतरवू नये.