नौपाड्यातील संमतीपत्र-तपासणी सेवा: एक अनुभव

बौद्धिक दिव्यांग व्यक्ती ठाण्यात बसने कसा प्रवास करतात, याचा एक छोटा अभ्यास आमच्या महाविद्यालयात सुरू आहे. त्यासाठी लिहिलेले संमतीपत्र आणि प्रश्नावली, ज्यांना ती वाचून दाखवायची आहे त्यांच्यासारख्याच लोकांकडून तपासून घ्यावी, या विचाराने गेल्या पावसाळ्यात आम्ही नौपाड्यातील एका स्वयंसेवी संस्थेची सशुल्क सेवा घेतली. बौद्धिक दिव्यांग असलेले सहा प्रौढ सदस्य आणि दोन सहायक आपल्यासोबत दोन-दोन तासांच्या दोन बैठका करतात आणि त्यानंतर लेखी अहवाल देतात. शुल्क ९,००० रुपये असून त्यातून प्रत्येक सदस्याला दर बैठकीचे ५०० रुपये मानधन मिळते.

पहिली बैठक संमतीपत्राची होती. विभागातील जुन्या नमुन्यावरून आम्ही ते सोप्या मराठीत उतरवले होते आणि आपण बरेच सोपे केले, अशी आमची समजूत होती. 'आपण कधीही माघार घेऊ शकता' हे वाक्य वाचून होताच एक तरुण ताडकन म्हणाला, "मी माघार घेत नाही." माघार म्हणजे हरणे, हे तो मैदानावर शिकला होता आणि शब्दाचा तो अर्थ मुळीच चुकीचा नव्हता. 'तुमची माहिती गुप्त ठेवू' या वाक्यावर दोघीजणी अस्वस्थ झाल्या, कारण कोणी गुपित ठेवायला सांगितले तर लगेच घरी सांगायचे, असे त्यांना वर्षानुवर्षे शिकवले गेले आहे. 'अहवालात तुमचे नाव बदलू' असे म्हणताच एकाने आधार कार्डावरचे नावही बदलणार का, असे विचारले. आमच्या महाविद्यालयाच्या समितीने हा मसुदा एकही शंका न काढता संमत केला होता. आता त्या जागी 'नको वाटले तर थांबा म्हणा, कोणी रागावणार नाही' आणि 'तुम्ही काय बोललात ते लिहू, पण तुमचे नाव लिहिणार नाही' अशी वाक्ये आहेत. 'कोणी रागावणार नाही' हे शब्द सदस्यांनी सुचवले.

हा शब्दांचा कीस काढणे वाटत असेल, तर कायदा काय म्हणतो ते पाहावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करण्यासाठी तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त व माहितीपूर्ण संमती लागते. शिवाय सरकारने नेमलेल्या ज्या समितीची पूर्वपरवानगी लागते, तिचे किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या क्षेत्रातील नोंदणीकृत संघटनांचे सदस्य असावे लागतात. या काळजीमागे इतिहास आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या फर्नाल्ड शाळेत, म्हणजे बौद्धिक दिव्यांग ठरवलेल्या मुलांच्या निवासी संस्थेत, १९४० आणि १९५० च्या दशकांत मुलांना किरणोत्सारी द्रव्य मिसळलेली ओट्सची खीर खाऊ घातली गेली. मुलांना 'सायन्स क्लब'चे सदस्य केल्याचे सांगण्यात आले होते आणि पालकांना पाठवलेल्या पत्रांत किरणोत्साराचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या बैठकीत प्रश्नावली पुढे आली. हो-नाहीच्या प्रश्नाला समोरच्याला बरे वाटावे म्हणून होकार देण्याचा, आणि दोन पर्याय दिल्यास शेवटचा उचलण्याचा कल बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या मुलाखतींत आढळतो, हे १९८० च्या दशकापासून नोंदले गेले आहे. आम्ही ते वाचले होते, तरीही आमच्या २० प्रश्नांपैकी ११ प्रश्न हो-नाहीचेच निघाले. एका सदस्याने शेजाऱ्याला विचारले, "तुला बसमध्ये बसायला आवडतं?" उत्तर आले, हो. "उभं राहायला आवडतं?" तेही हो. सगळे हसले, उत्तर देणाराही हसला आणि आम्ही ११ प्रश्नांवर काट मारली. प्रश्नावलीत आम्ही छापलेले बसचे चित्र इंटरनेटवरून घेतलेले लाल दुमजली बसचे होते. "ही ठाण्याची नाही," एवढे सांगून ते बाजूला सारण्यात आले. त्याऐवजी ठाणे स्थानकाजवळच्या सॅटिस पुलावरील थांब्याचे छायाचित्र ठेवून 'बस चुकली तर काय करता?' असे विचारताच पुढची दहा मिनिटे कोणाला थांबवावे, हाच प्रश्न पडला. बसचा क्रमांक वाचता न येणारी एक सदस्य आपला थांबा खांबावरच्या एका जाहिरातीवरून ओळखते आणि जाहिरात बदलली की चुकते, हे आम्हाला तेव्हा कळले.

सेवेत उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. सहायकांपैकी एक ताई सदस्यांची वाक्ये वारंवार स्वतःच पूर्ण करीत होत्या. थोडा धीर धरला असता तर ती वाक्ये वेगळीच निघाली असती, असा आम्हाला दाट संशय आहे. सहाही सदस्य नीट बोलू शकणारे होते. चित्रफलक किंवा खुणा वापरणाऱ्यांसाठी गटात जागा दिसली नाही. अहवाल ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा आला आणि तो ज्या भाषेत लिहिला होता, ती त्याच सदस्यांना कळली नसती. मानधन सदस्यांच्या पालकांच्या खात्यात जमा होते, हेही खटकले, कारण सहापैकी दोघांनी आपले स्वतःचे खाते असल्याचे आम्हाला अभिमानाने सांगितले होते. लिफ्ट बंद होती, चहा उत्तम होता.

त्याहून मोठी तक्रार प्रमाणपत्राबद्दल आहे. चार तासांच्या तपासणीनंतर संस्था 'सहसंशोधक सहभाग' असे लिहिलेला कागद देते आणि आमच्या एका सहकाऱ्याला तो प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर लावण्याचा मोह झाला. सहसंशोधक म्हणावे, तर विषय ठरवण्यापासून निष्कर्षांचा अर्थ लावण्यापर्यंत त्या माणसाचे म्हणणे चालले पाहिजे. आम्ही मात्र विषय ठरवून, अनुदान मिळवून मग त्यांच्या दारात गेलो होतो. त्याची किंमत दुसऱ्या बैठकीच्या अखेरीस कळली. प्रवासातील अडचणींची आमची यादी ऐकून घेतल्यावर एक सदस्य म्हणाला, "बस सोपी आहे. आई सोडत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. थांबे, पायऱ्या आणि गर्दी यांवर आम्ही ज्या अभ्यासाची उभारणी केली होती, त्यात घरच्यांविषयी एकही प्रश्न नव्हता.

एवढ्या उणिवा असूनही आम्ही ही सेवा पुन्हा घेत आहोत. या वेळी विषय कागदावर उतरण्याआधी पहिली बैठक ठेवली आहे, सहायकांनी मध्ये न बोलण्याची अट लेखी घातली आहे आणि ज्यांचे स्वतःचे खाते आहे त्यांचे मानधन त्यातच जमा करण्याचे संस्थेने मान्य केले आहे. सदस्यांनीही एक अट घातली. आधीच्या अभ्यासाचा निकाल त्यांना तिथेच, त्याच खोलीत वाचून दाखवायचा. नोंदणी किमान महिनाभर आधी करावी लागते आणि बैठका फक्त रविवारी सकाळी होतात, कारण इतर दिवशी सदस्य कार्यशाळेत कामाला असतात.