ए५२एस वरून एस२४ वर : एका द्राक्षहंगामानंतर

२०२५च्या सप्टेंबरात सेल लागला तेव्हा आमच्या निफाड तालुक्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बागेत चिखल, गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, पुढे ढकललेली, मजूर घरी. रिकामा माणूस फोनवर फोन बघतो, तसं माझं झालं. २२ तारखेपासून जीएसटी कमी झाला होता आणि पारावर जो तो सांगत होता की आता मोबाईलही स्वस्त होणार. मोबाईलवरचा कर होता तसा १८ टक्केच राहिला. स्वस्ताई होती ती सेलची, तीही २३ तारखेपासून.

माझ्याकडे सॅमसंगचा गॅलेक्सी ए५२एस होता. २०२१ला आला तेव्हा लगेच घेतलेला, ३५,९९९ला. चार वर्षं वापरला. हँग होत नव्हता, स्क्रीन फुटली नव्हती, कॅमेरा ठीक. मग बदलायचा कशाला? अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हाच प्रश्न विचारला: "अरे, फोन म्हणजे काय बियाणं आहे का, हंगाम आला की नवीन आणायला?"

उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. खरी कारणं मला तीन दिसली. पहिलं, बॅटरी दुपारी तीनला संपायची. चार वर्षं रोज चार्ज केलेली कुठलीही लिथियम बॅटरी थकतेच, पण ते कारण नव्या फोनचं नाही, नव्या बॅटरीचं आहे. दुसरं, उन्हात स्क्रीन दिसत नव्हती. तिसरं, अपडेट. या फोनला कंपनीने तीन अँड्रॉइड आवृत्त्या आणि चार वर्षं सुरक्षा अपडेट असा शब्द दिला होता आणि तो पाळलाही. अँड्रॉइड ११ वरून १४ पर्यंत आला, पुढे रस्ता बंद. माझ्या फोनवर बँकेचं ॲप आहे, सोसायटीचं खातं आहे, व्यापाऱ्याचे पैसे त्यावरच येतात. अपडेट थांबले म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी खातं लुटत नाही. पण कुंपणाला भगदाड पडलंय हे माहीत असताना झोप लागत नाही, तसं ते.

निवड दोनच फोनांत होती. एक ए५६, म्हणजे ए मालिकेतला त्या वर्षीचा, मार्चमध्ये ४१,९९९ला आलेला. दुसरा एस२४, जानेवारी २०२४चा, तेव्हा ८० हजारांच्या घरातला आणि सेलमध्ये स्नॅपड्रॅगन प्रोसेसरसह ३९,९९९ला. नवा मधल्या फळीतला घ्यायचा, की दीड वर्ष जुना वरच्या फळीतला? या प्रश्नावर माझ्या मेहुण्याने मला तीन व्हिडिओ पाठवले, तिन्हींचं मत वेगळं.

मी कागदावर मांडलं. ए५६ला सहा वर्षं अपडेट, मार्च २०२५ पासून. एस२४ला सात वर्षं, जानेवारी २०२४ पासून. दोन्हींची मुदत २०३१लाच संपते. म्हणजे "जुना फोन कशाला घेतोस" या आक्षेपातली निम्मी हवा तिथेच गेली. बॅटरी ए५६ची ५००० एमएएच, एस२४ची ४०००, आणि माझ्या जुन्याची होती ४५००. चार्जिंग ४५ वॅट विरुद्ध २५. इथे ए५६ सरळ पुढे. हेडफोनचं भोक दोघांनाही नाही. मेमरी कार्डाची जागाही दोघांना नाही, आणि जुन्या फोनला या दोन्ही गोष्टी होत्या. एस२४च्या बाजूने स्क्रीनचा उजेड, तिप्पट झूमचा वेगळा कॅमेरा आणि वजन: १६७ ग्रॅम. ए५६ त्याच्यापेक्षा तीसेक ग्रॅमने जड. शर्टाच्या खिशात फोन ठेवून वेलीखाली वाकणाऱ्याला तीस ग्रॅम कळतात.

एस२४ मागवला, जुना एक्स्चेंजमध्ये देऊन. ॲपवर जुन्याचे साडेपाच हजार दाखवले होते. दारात आलेल्या मुलाने फोन उलटसुलट केला, कडेला एक ओरखडा दाखवला आणि म्हणाला, "अठ्ठावीसशे होतील दादा." त्याची काही चूक नव्हती, त्याच्या मशीनवर तसं येत होतं. पण अठ्ठावीसशेत चालता फोन देणं माझ्या जिवावर आलं. वरचे पैसे भरले आणि जुना ठेवून घेतला. हे सांगतोय कारण पुढची सगळी तुलना त्यामुळेच शक्य झाली. जुन्याला मी १,९०० रुपयांत बॅटरी टाकून घेतली आणि तो अण्णांना दिला. सात महिने दोन्ही फोन एकाच घरात, एकाच बागेत आहेत.

आता उन्हाचं. जुन्या फोनची स्क्रीन ८०० निटपर्यंत (निट म्हणजे उजेड मोजायचं माप) जायची, नव्याची जाहिरातीत २,६०० निट. हा आकडा तिप्पट आहे म्हणून तिप्पट दिसेल असं नाही. तो उजेड स्क्रीनच्या एखाद्या भागापुरता, कडक उन्हात, ऑटो ब्राइटनेस चालू असेल तरच मिळतो. तरीही फरक पहिल्याच दिवशी कळला. आधी फवारणीचं औषध किती घालायचं हा सल्लागाराचा मेसेज वाचायला मी फोन घेऊन मांडवाखाली जायचो, नाहीतर टोपी काढून तिच्या सावलीत फोन धरायचो. आता ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या वाचतो. ऐकायला ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण दोनशे लिटरच्या टाकीत दशांश चिन्ह चुकलं तर काय होतं हे द्राक्षवाल्याला विचारा. मार्चच्या शेवटी मात्र दुपारी फोन उघड्यावर राहिला की तापतो आणि तापला की उजेड स्वतःच कमी करतो. हे अण्णांचा फोनही करतो, कुठलाही करेल. खिशात परत टाकायचा आणि पाच मिनिटं थांबायचं.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. देवदर्शनाचे, लग्नाचे, नातवंडांचे फोटो दोन्ही फोनांत चांगलेच येतात. घरच्यांना शेजारी ठेवून दाखवले तर कोणता कुठला हे निम्म्या वेळा ओळखता आलं नाही. फरक पडला तो पानावरच्या डागात. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग, सुरू होतो तेव्हा पानाच्या वर फिकट, तेलकट पिवळा डाग असतो आणि खाली पांढरी बुरशी. पहाटे दव असताना तो ओळखायचा असतो, आणि सल्लागाराला फोटो पाठवून दुपारच्या आत फवारायचं असतं. जुन्या फोनला मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, वेगळी लेन्स आहे, पण ती ५ मेगापिक्सेलची. जवळ नेलं की हाताची सावली पडते आणि फोटो धुरकट येतो. एस२४ला मॅक्रो लेन्सच नाही, त्यामुळे सुरुवातीला मी चरफडलो. मग युक्ती सापडली. फोन पानाच्या जवळ न्यायचा नाही, हात-दीड हात लांब धरायचा आणि तिप्पट झूमवर घ्यायचा. सावली पडत नाही, डागाची कड स्पष्ट येते, पानाची शीर न शीर दिसते. ऑक्टोबरच्या ओल्या पंधरवड्यात मी असे रोज पंधरावीस फोटो पाठवले. एकदा सल्लागार म्हणाले, "हा डाऊनी नाही, औषधाचा डाग आहे, फवारू नका." एक फवारणी वाचली. फोनची किंमत त्यात वसूल झाली असं म्हणणार नाही, पण त्या दिवशी अण्णा काही बोलले नाहीत.

फोटो पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉट्सॲप साधा फोटो दाबून लहान करतं आणि नेमका डागच पुसट होतो. एवढा महाग कॅमेरा घेऊन शेवटी तोच घोळ होत असेल तर जुना फोन काय वाईट होता?

बॅटरीवर येतो, कारण घेण्याआधी मलाही तीच भीती होती. ४००० म्हणजे ४०००. त्यात जादू नाही. घरी असलो, वायफाय असलं, तर रात्री दहाला ३० टक्के उरतात. काढणीच्या दिवसांत गणित वेगळं असतं. सकाळी सहाला बाहेर, व्यापाऱ्याचे फोन, गाडीचं लोकेशन, मुलीच्या अभ्यासासाठी हॉटस्पॉट. अशा दिवशी संध्याकाळी पाचला फोन चार्जर मागतो. हे मला घेताना माहीत होतं आणि मी लहान फोन पत्करला, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची? दहा हजार एमएएचची पॉवर बँक ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पडून असते. बॉक्समध्ये चार्जर येत नाही, तो घरात होता म्हणून निभावलं. नसेल तर २५ वॅटच्या चार्जरचे पैसे धरूनच हिशोब करा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. मी ती हंगाम नसतानाच वापरतो. जो दिवसभर रानात असतो आणि ज्याला पॉवर बँक सांभाळायची नाही, त्याने ए५६च घ्यावा. इथे मी माझ्याच निवडीच्या विरोधात बोलतोय, हे कळतंय मला.

पाण्याचा मुद्दा गंमतीचा आहे. पाणी-धुळीपासून बचावाच्या मानांकनात जुना फोन आयपी६७, नवा आयपी६८. पण हे आकडे स्वच्छ, गोड्या पाण्याचे. जीएचं (मणी फुगवायच्या संजीवकाचं) द्रावण, ताम्रयुक्त औषध, घामाचं मीठ यांची परीक्षा त्यात नाही. शिवाय अण्णांच्या फोनची पाठ बॅटरीसाठी गरम करून उघडली, तेव्हा आतला गोंद निघाला. नवीन गोंद लावला तरी मूळची सीलबंदी राहिली असं धरता येत नाही. दुकानदारानेच प्रामाणिकपणे सांगितलं: "काका, आता पावसात काढू नका." जुन्या फोनला बॅटरी टाकून वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हे कोणी सांगत नाही. अण्णांचा फोन पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत राहणार आहे. ओल्या बोटांना मात्र कुठलाच फोन नीट दाद देत नाही. डिपिंगच्या, म्हणजे घड द्रावणात बुडवायच्या, वेळी मी साइडचं बटण दोनदा दाबून कॅमेरा उघडतो आणि आवाजाच्या बटणाने फोटो काढतो. हे दोन्ही फोनांवर चालतं.

कार्ड आणि हेडफोनच्या भोकाची उणीव मला वाटली त्यापेक्षा कमी जाणवली. १२८ जीबीत माझं भागतं, दर महिन्याला बागेचे फोटो पेनड्राइव्हवर काढतो. कानातले वायरलेस घेतले, एक हरवला, दुसरा घेतला. अण्णांना मात्र तो जुना फोन नव्या फोनापेक्षा जास्त मानवला. त्यांच्या कार्डावर कीर्तनं भरून दिली आहेत, वायरीचा हेडफोन लावतात, चार्जिंग संपायची भीती नाही, वायर हरवत नाही. लासलगावचा कांदा काय गेला, पिंपळगावला टोमॅटो काय गेला, हे बघतात. ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद, तीही त्यांच्याच फोनवरून केली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि लोकेशनसह पाठवायचा असतो, ते त्याने पहिल्या फटक्यात केलं. त्यांच्या फोनवर बँकेचं ॲप नाही, ठेवणारही नाही. अपडेट थांबल्याची त्यांना झळ नाही ती त्यामुळे.

म्हणून कोणी विचारलं, "बदलू का?" तर मी उलट विचारतो: फोनवर पैसे आहेत का, आणि अपडेट किती दिवस उरलेत? पैसे आहेत आणि अपडेट संपलेत, तर बदला. नुसती बॅटरी गेली असेल तर दोन हजारांत भागतं. उन्हात काम करत असाल तर दुकानाच्या ट्यूबलाइटखाली फोन पसंत करू नका, बाहेर फुटपाथवर घेऊन या. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

आकडे आवडणाऱ्यांसाठी: जुन्या फोनचे ३५,९९९ मी अपडेटच्या चार वर्षांवर वाटले तर महिन्याला ७५० पडले. नव्याचे ३९,९९९ जानेवारी २०३१ पर्यंतच्या ६४ महिन्यांवर वाटले तर ६२५. मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागेल, ती धरली तरी जुन्यापेक्षा कमीच. अण्णांना हा हिशोब दाखवला. ते म्हणाले, "२०३१ला बाग तरी असेल का ही?" काड्यांत घड कमी निघालेल्या वर्षी हा प्रश्न विचारायचा त्यांना हक्क आहे.

सध्या खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची छाटणी, चालू आहे आणि अडचण नव्या फोनाची नाही, जुन्याची आहे. अण्णांच्या फोनचं कव्हर फाटलंय. नाशिकला गेलो तेव्हा मेन रोडला चार दुकानं पालथी घातली. एस२४चं कव्हर सगळीकडे, ए५६चं सगळीकडे, ए५२एसचं कोणाकडेच नाही. एकाने ए५३चं बसवून पाहिलं, कॅमेऱ्याची जागा जुळेना. शेवटी ऑनलाइन मागवलंय, गुलाबी रंगाचं मिळालं. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.