ब्लॅक सॅबथ: ओझीचा काळ की डिओचा?

बर्मिंगहॅमचा हा हेवी मेटल बँड ऐकायला सुरुवात पहिला गायक ओझी ऑस्बॉर्नपासूनच करावी. 1970 ते 1978 मध्ये आठ अल्बम आले, त्यातले पहिले दोन एकाच वर्षात. गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा उजव्या हाताने. पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणून त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त बऱ्याच गाण्यांना गिटार तीन अर्धस्वर उतरवली. तारा सैल, दाबायला सोप्या, आवाज जड. ‘आयर्न मॅन’ ऐका: ओझी थेट रिफच्याच (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या) सुरावटीवर गातो.

1979 मध्ये दारू-ड्रग्जपायी ओझीला काढलं आणि गायक म्हणून रॉनी जेम्स डिओ आला. तो कॉर्ड्सवरून (एकत्र वाजणाऱ्या सुरांवरून) स्वतंत्र चाल नेतो, त्यामुळे आयोमीला रचनेत मोकळीक मिळाली. शब्दही डिओचेच, आधी ते मुख्यतः बासवादक गीझर बटलर लिहायचा. ‘हेवन अँड हेल’ (1980) आणि ‘मॉब रूल्स’ (1981) हे अल्बम झाले, मग लाइव्ह अल्बमच्या मिक्सिंगवरून बिनसलं आणि 1982 मध्ये डिओ बाहेर पडला.

गायकी डिओची सरस, यात वाद नाही. पण डूम मेटल (संथ, जड मेटल) जन्मलं ते त्या सैल तारांतूनच.