नारळ दिसले होते, तरी पैसे पाठवले

13,500 रुपये गेले. आधी 5,100, मग दोन दिवसांनी चाऱ्याच्या पिकअपसाठी म्हणून 8,400. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हाची गोष्ट. माझं माहेर माढा तालुक्यातलं. भावाचा फोन लागत नव्हता, जीव टांगणीला लागलेला, आणि तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो आला. गळ्याएवढ्या पाण्यात म्हातारी, खांद्याशी धरलेलं करडू, मागे जिल्हा परिषद शाळेची पाटी, खाली मदतीचे पैसे पाठवायला क्यूआर कोड. अशा वेळी हात आखडता कोण घेईल? मला भोळसट म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं.

पण फोटोत मागे नारळाची रांग होती, आणि ती मी पाहिली होती. लहानपण सीनेकाठी गेलंय माझं. तिथे ऊस दिसेल, केळी दिसेल; नारळाची एवढी रांग कुठली? होडीतल्या माणसांच्या लुंग्या गुडघ्यावर दुमडलेल्या. भिंत तिरकी, पाटीवरची अक्षरं मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ. हे सगळं समोर असताना मी पिन दाबत होते! पिनच्या आधी स्क्रीनवर नाव आलं तेही कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. 'मदत गोळा करणाऱ्यांच्या खजिनदाराचं दुकान असेल,' अशी समजूत मीच घातली. ते नाव वाचा हो, आणि पटलं नाही तर तिथेच थांबा.

मुलाने फोटो गूगल लेन्सवर टाकला. अर्ध्या मिनिटात मूळ फोटो हजर: केरळ, ऑगस्ट 2018 चा पूर. पाटी नंतर चिकटवलेली. मेसेजवर दुहेरी बाण होता, म्हणजे कितीतरी हातांतून फिरून आलेला. मी मात्र आत्तेभावाने पाठवला म्हणून त्यानेच काढला असं धरून चालले.

अशी फसवणूक झाली तर 1930 या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. मी लाजेपायी तिसऱ्या दिवशी केला. बरं, चूक माझी. पण पोलीस ठाण्यात "मॅडम, तुम्हीच पाठवले ना? कुणी जबरदस्ती केली होती का?" हे कशाला? बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट आणा, आणि शिक्का मारणारे साहेब रजेवर! तीन खेटे, चार तास बाकड्यावर, अर्ज दोनदा लिहून घेतला कारण पहिला 'सापडत नाही'. हाती काय, तर तक्रार क्रमांक.

जाऊबाईंनी माझ्या भरवशावर 2,000 पाठवले होते. ते मी गुपचूप परत केले. म्हणजे एकूण 15,500. घरी अजून 13,500च माहीत आहेत.