अपूर्णांकाच्या लाकडी पट्ट्या, महिनाभर वापरून

इंदूरला खजूरी बाजारातून मागच्या महिन्यात लेकीसाठी हा सेट आणला, ३४० रुपयांना. ती पाचवीत आहे आणि छेद वेगळे आले की वजाबाकीला रोज रडारड. ५/६ मधून १/४ वजा कर म्हटलं की वरचे वरून वजा, खालचे खालून वजा, ४/२, म्हणजे उत्तर २! अगं, एकापेक्षा कमी होतं त्यातून काढलंस आणि दोन कसे उरले, विचारलं की गप्प. शाळेत एलसीएमची रीत घोकून घेतलेली, ती परीक्षेपुरती टिकायची, मग परत पहिले पाढे पंचावन्न.

सेटमधली पूर्ण एकाची पट्टी २४ सेंटीमीटरची आहे, बाकी १/२ पासून १/१२ पर्यंतचे रंगीत तुकडे, फक्त १/७, १/९ आणि १/११ नाहीत. पहिल्याच दिवशी तिला १/६ चे पाच तुकडे ओळीत लावायला सांगितले, त्यांच्याखाली १/४ चा एक ठेवला आणि म्हटलं आता उरलेल्या जागेत काय बसतं बघ. १/६ चे तीन बसले नि थोडी फट राहिली, १/४ चे दोन घातले तरी तेवढीच फट. मग तिने स्वतःच १/१२ चे लावायला घेतले, बरोब्बर सात बसले, फट गायब! नंतर बराच वेळ बसून मोजत होती, १/६ मध्ये दोन मावतात, पावात तीन, म्हणजे दहातून तीन गेले, सात. "आई, म्हणजे आधी दोघांचे तुकडे एकाच मापाचे करायचे का?" मला इतका आनंद झाला काय सांगू, हे मी तिला वहीवर पन्नासदा सांगितलं असेल.

सासूबाई पण येऊन बसल्या. पाऊण म्हणजे एकाला पाव कमी, पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, ही वजाबाकी आपण शेव घेताना सुद्धा बोलतो की, असं त्यांनी सांगितलं आणि ते तिला एकदम पटलं. नाहीतर शाळेत डिनॉमिनेटर, शिकवणीत हर, घरी छेद, पोरगी तीन नावांतच गोंधळायची.

आता तक्रारी. पहिल्या सेटमधले १/३ चे तीन तुकडे मिळून पूर्ण पट्टीला जवळजवळ दोन मिलिमीटर कमी पडत होते. दुसऱ्या खेळण्यात चाललं असतं, इथे नाही, कारण मूल लगेच विचारतं की मग एक का होत नाही. दुकानदाराने कटकट न करता बदलून दिला, हे खरंच चांगलं वाटलं. सोबतच्या पुस्तिकेत सरळ तिरका गुणाकार दिलाय, का करायचा ते एका ओळीतही नाही, मी ती काढूनच ठेवली. आणि १/२४ चे तुकडे नाहीत त्यामुळे ५/६ वजा ३/८ करताना अडतं. त्यावर आम्ही जुन्या लग्नपत्रिकेचे एक-एक सेंटीमीटरचे तुकडे कापले, पट्टी २४ ची असल्यामुळे ते आपोआप १/२४ होतात, वीसातून नऊ काढले, अकरा उरले, ११/२४.

पाचपैकी चार स्टार माझ्याकडून. घेताना दुकानातच १/३ चे तिन्ही तुकडे मोठ्या पट्टीला लावून बघा, मगच पैसे द्या.