१५ अँपिअरचा साधा आर्केड सप्लाय: कोकणच्या हवेत किती टिकतो, कसा वापरावा

जुन्या आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचा बोर्ड चालवायचा तर आज बहुतेक जण एकच पॉवर सप्लाय घेतात. भोकाभोकांचा पत्र्याचा डबा, धड नाव नसलेलं लेबल, एका बाजूला स्क्रूची टर्मिनल पट्टी, +५ व्होल्ट १५ अँपिअर, +१२ व्होल्ट, −५ व्होल्ट १ अँपिअर, आणि कोपऱ्यात ५ व्होल्ट कमी-जास्त करायचा प्लास्टिकचा छोटा नॉब. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, ऑनलाइनही मिळतो. हे परीक्षण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात तो वापरणाऱ्यांसाठी आहे. घाटावर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारा हाच डबा खाऱ्या हवेत वेगळा वागतो.

घ्यावा की नाही? घ्यावा. या किमतीत तीनही व्होल्टेज एकत्र देणारं दुसरं काही सहज मिळत नाही, आणि एखाद-दुसऱ्या बोर्डाला लागणारा ३-४ अँपिअरचा भार तो आरामात उचलतो. पण खोक्यातून काढून थेट बोर्डाला जोडू नका. बाजूला ११०/२२० चा लाल खटका असतो, तो आधी बघा. तो ११० वर राहिला आणि आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातला, तर फ्यूज उडतो आणि बरेचदा आतले मोठे कपॅसिटरही फुटतात. खटका २२० वर सरकवून त्यावर चिकटपट्टी मारावी, म्हणजे कॅबिनेट हलवताना चुकून धक्का लागत नाही.

दुसरी पायरी, बोर्ड न लावता पण भार लावून तपासणी. रिकाम्या सप्लायवरचे आकडे फसवे असतात. ५ व्होल्टला १ ओहम ५० वॅटचा अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातला रेझिस्टर लावा. त्यातून ५ अँपिअर वाहतात आणि २५ वॅट उष्णता होते, म्हणून तो जाड पत्र्यावर स्क्रूने बसवावा आणि हात लावू नये. १२ व्होल्टला रिक्षाच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब पुरतो, तो पावणेदोन अँपिअर घेतो आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. अर्धा तास असं चालवून नॉबने ५.०५ च्या आसपास आणा. या सप्लायचा नेम ५ व्होल्टवर असतो, १२ आणि −५ त्याच्यामागून फरफटत येतात. ५ वर भार वाढला की १२ चा आकडा थोडा वर चढतो. गेमच्या ध्वनीसाठी त्याने बिघडत नाही, पण हा सप्लाय घेताना त्याची एवढी उणीव माहीत असावी.

मल्टीमीटरची एसी रेंज लावून ५ व्होल्टवरची तरंग (रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली बारीक चढ-उतार) मोजण्याची सवय अनेकांना आहे. स्वस्त मीटर काही शे हर्ट्झपर्यंतच खरं सांगतो, आणि हा सप्लाय हजारो हर्ट्झवर चालतो. तिथे शून्य दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये. तरंग ऑसिलोस्कोपवरच दिसते.

आता मुख्य गोष्ट. ‘बोर्ड उठत नाही’, म्हणजे सुरूच होत नाही, म्हणून बाजूला टाकलेले बरेच बोर्ड ठणठणीत असतात. सप्लायच्या पट्टीवर ५ व्होल्ट असतात, चिपपर्यंत पोहोचत नाहीत. या बोर्डांवरच्या टीटीएल जातीच्या चिपना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. सप्लायपासून बोर्डापर्यंत १ मीटर तार असेल तर जाऊन-येऊन २ मीटर होते. अर्ध्या स्क्वेअर मिलिमीटरच्या तारेचा रोध साधारण ३६ मिलिओहम प्रति मीटर, म्हणजे एकूण ७२. बोर्डाने ४ अँपिअर घेतले की जवळजवळ ०.२९ व्होल्ट तारेतच जिरतात. पट्टीवर ५.०० आणि बोर्डावर ४.७१, म्हणजे मर्यादेखाली. अशा वेळी चित्र विस्कटतं, गेम मधेच पहिल्यापासून सुरू होतो, किंवा पडद्यावर कचरा दिसून सगळं थिजतं. तयार मिळणाऱ्या हार्नेसमध्ये, म्हणजे बोर्डाला जोडायच्या तारांच्या जुडग्यात, अशीच बारीक तार असते. ५ व्होल्ट आणि ग्राउंड या दोन्हींसाठी १.५ स्क्वेअर मिलिमीटरच्या दोन-दोन तारा टाका आणि टोकाला थिंबल क्रिम्प करून पट्टीत आवळा. उघडी तार स्क्रूखाली पिळून ठेवली तर दोन पावसाळ्यांत ती काळी पडून सैल होते.

मोजायचं कुठे? थेट चिपच्या पायांवर. प्रोसेसर झेड-८० असेल तर ११ नंबरच्या पायावर ५ व्होल्ट आणि २९ वर ग्राउंड. ६५०२ प्रोसेसरला ८ वर ५ व्होल्ट, १ आणि २१ वर ग्राउंड. मीटरचे दोन्ही प्रोब चिपवरच ठेवा, काळा प्रोब सप्लायच्या ग्राउंडला नको. नाहीतर ग्राउंडच्या तारेतला तोटा लपून राहतो, आणि अर्धा दोष तिथेच असतो.

तोटा दिसला की नॉब फिरवून ५.५ करायचा मोह होतो. तो टाळा. नॉबने दोष झाकला जातो, आणि पुढे कोणी कनेक्टर साफ केला की अडलेली वाट मोकळी होऊन तेच ५.५ व्होल्ट चिपांवर जातात.

कनेक्टर हे कोकणातलं खरं दुखणं. बोर्ड कॅबिनेटला जोडण्याच्या, १९८५ मध्ये ठरलेल्या जामा पद्धतीत ५६ पिनांचा कडेचा कनेक्टर असतो, दर बाजूला २८, पिनांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर. १, २ आणि मागच्या ए, बी वर ग्राउंड, ३, ४ आणि सी, डी वर +५, ५ आणि ई वर −५, ६ आणि एफ वर +१२, आणि शेवटी २७, २८ व त्यांच्या मागच्या पिनांवर पुन्हा ग्राउंड. पितळेचं भांडं जसं कळकतं तसे या कनेक्टरचे पत्ते खाऱ्या हवेत कळकतात. रोध वाढतो, तिथे उष्णता होते, उष्णतेने पत्ता ढिला पडतो, रोध आणखी वाढतो. बोर्डाच्या कडेवरची तपकिरी झालेली तिसरी-चौथी पिन दिसली तर हेच झालं आहे असं समजा. बोर्डाची कड पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर अजिबात नको, सोन्याचा पातळ मुलामा निघाला की खालचं तांबं एका पावसात हिरवं होतं. कनेक्टर मात्र साफ करत बसण्यापेक्षा बदललेला बरा.

७ आणि एच ही जागा खुंटीची, कनेक्टर उलटा बसू नये म्हणून. स्वस्त हार्नेसमध्ये ही खुंटी बहुधा नसतेच. उलटा लावला तर १२ व्होल्ट दोन्ही खेळाडूंच्या दुसऱ्या बटणाच्या पिनांवर जातात आणि −५ तिसऱ्या बटणावर. बटणं वाचणाऱ्या चिपा क्षणात जातात. प्लास्टिकचा छोटा तुकडा कापून ती जागा बुजवणं दोन मिनिटांचं काम आहे.

नवा बोर्ड पहिल्यांदा जोडण्याआधी वीज बंद ठेवून त्याच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजा. एक-दोन ओहमच्या खाली आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. थेंबाच्या आकाराचे टँटलम कपॅसिटर असे शॉर्ट होण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. हा सप्लाय शॉर्टवर स्वतःला बंद करतो आणि पुन्हा पुन्हा उठायचा प्रयत्न करतो, टक-टक आवाज येतो. तो आवाज आला की बोर्ड लगेच काढा, सप्लाय बिघडला असं समजून दुसरा आणू नका.

व्होल्टेज बरोबर असूनही बोर्ड उठत नसेल तर रीसेट, म्हणजे प्रोसेसरला पहिल्यापासून सुरू करणारा पाय, बघा. झेड-८० चा २६ वा पाय, ६५०२ चा ४० वा, ६४ पायांच्या ६८००० प्रोसेसरचा १८ वा, आणि त्यासोबत हॉल्टचा १७ वा. सुरू झाल्यावर हे पाय वर, म्हणजे ५ व्होल्टच्या जवळ जाऊन स्थिर राहिले पाहिजेत. कायम खाली असतील तर रीसेटचा भाग अडकला आहे. वर-खाली नाचत असतील तर वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या प्रोसेसरला पुन्हा सुरू करणारा पहारेकरी भाग, रीसेट मारतो आहे, म्हणजे प्रोसेसर जागा होतोय पण पुढे कुठेतरी अडखळतोय: रॉम, रॅम किंवा सॉकेट. इथे सॉकेट आधी तपासा. रॉम उचकटून, पाय पुसून, पुन्हा दाबून बसवल्यावर उठलेले बोर्ड पुष्कळ आहेत.

पहिल्यांदा सुरू केल्यावर उठत नाही, बंद करून पुन्हा लावलं की उठतो, ही तक्रार या सप्लायसोबत वारंवार ऐकू येते. अनेक जुन्या बोर्डांत रीसेटचा वेळ एक रेझिस्टर आणि एक छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ठरवतात. कपॅसिटर सुकला की रीसेट लवकर सुटतो, आणि तोवर ५ व्होल्ट नीट उभे राहिलेले नसतात. तेवढ्याच क्षमतेचा, १०५ अंश सेल्सिअसचा नवा कपॅसिटर घातला की ही खोड जाते. पावसाळ्यात क्षणभर लाइट जाऊन येते तेव्हाही हेच होतं, कारण तो कपॅसिटर रिकामा होण्याआधीच वीज परत आलेली असते. लाइट गेली की बटण बंद करून दहा सेकंद थांबा, मग लावा.

कुठल्या बोर्डाला हा सप्लाय चालतो? कॅपकॉमचा सीपीएस-१, एसएनकेचा निओ जिओ एमव्हीएस आणि नव्वदच्या दशकातल्या बहुतेक जामा बोर्डांना उत्तम, त्यांना −५ लागतही नाही. सीपीएस-२ चालतो, पण त्याच्या आतली ३.६ व्होल्टची बॅटरी संपली असेल तर गेमचा सांकेतिक प्रोग्राम उलगडायची किल्लीच पुसली जाते, मग सप्लाय कितीही चांगला असो. एमव्हीएसवर ‘बॅकअप रॅम एरर’ आला तर सप्लायकडे न बघता गळलेली निकेल-कॅडमियम बॅटरी बघा, तिचं पाणी आजूबाजूचे ट्रॅक खातं. ४११६ रॅम असलेल्या जुन्या बोर्डांना मात्र जपून. त्या रॅमला −५ सगळ्यांत आधी यावं आणि सगळ्यांत शेवटी जावं लागतं. −५ ची तार सैल असताना १२ मिळाले तर रॅम मरते. म्हणून −५ चा स्क्रू आधी आवळा आणि १६ नंबरच्या ग्राउंडच्या तुलनेत १ नंबरच्या पायावर −५ येतंय का ते रॅमच्या रिकाम्या सॉकेटमध्येच बघा. १९८० चा मूळ पॅक-मॅन बोर्ड ट्रान्सफॉर्मरची एसी घेऊन स्वतःच ५ व्होल्ट बनवतो. त्याला हा सप्लाय जसाच्या तसा जोडता येत नाही.

आता डब्याच्या बांधणीबद्दल नाराजी. पट्टीचे स्क्रू साध्या लोखंडाचे असतात, समुद्राजवळ एका पावसाळ्यात गंजतात. आल्या आल्या ते पितळेचे किंवा स्टेनलेसचे घाला. आतल्या बोर्डाला कसलाही लेप नसतो. कव्हर काढून कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल रोखणाऱ्या लेपाचा, हलका फवारा मारा, पण नॉब, टर्मिनल पट्टी आणि उष्णता सोडणारे पत्रे झाकून. उघडण्याआधी प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबा आणि मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून खात्री करा, तिथे ३२५ व्होल्टपर्यंत डीसी साठलेली असते. वाहत्या लाइनीत येणारे झटके झेलायला २७५ व्होल्ट एसीचा व्हॅरिस्टर, ज्याच्यावर १४डी४३१ असं छापलेलं असतं, फ्यूजनंतर लाइन आणि न्यूट्रलमध्ये घाला.

आणि अर्थिंग. पट्टीवर अर्थचा स्क्रू आहे, तो मोकळा ठेवला की आतल्या गाळणीच्या कपॅसिटरमुळे डबा आणि ग्राउंड अर्ध्या लाइन-व्होल्टेजवर तरंगतात. हाताला मुंग्या येतात, आणि कनेक्टर लावताना तोच झटका चिपांना बसतो. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. घरामागे जिथे न्हाणीचं पाणी माडाच्या मुळाशी जातं, तिथली ओली माती अर्थच्या खड्ड्यासाठी सगळ्यांत चांगली.

चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरासारख्या गढूळ पाण्यात बुडालेला हा सप्लाय पुन्हा वापरू नका, त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि कपॅसिटरखाली चिखल राहतो. गेमचा बोर्ड मात्र वाचू शकतो. बॅटरी काढा, सॉकेटातल्या चिपा काढा, गोड्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड वॉटरचं घ्या, अल्कोहोल शिंपडा, आणि पंख्याखाली दोन-तीन दिवस उभा सुकवा. दमट दिवसांत आणखी एक दिवस जास्त. मगच ५ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजून नव्या सप्लायला जोडा.