‘जुना अमेरिकन माल’ म्हणून विकलेले कपॅसिटर: व्हॉल्व्ह अँप बांधणाऱ्यांनी सावध राहा

जुने अमेरिकन कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारे भाग) लावले की गिटारच्या व्हॉल्व्ह अँपला, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला, खास आवाज येतो, या समजुतीवर काही लोकांचं पोट भरतं. मला टोन कंट्रोलचा संच विकणारा त्यातलाच. गिटारवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला, बोलायला साखर. ‘‘दादा, बंद पडलेल्या स्टुडिओचा माल आहे, शेवटचाच सेट.’’ ४,८०० रुपये यूपीआयने गेले.

अँप फेंडर या अमेरिकन कंपनीच्या १९६३ सालच्या एबी७६३ सर्किटवर बेतलेला. संचात ट्रेबलला २५० पिकोफॅरडचा मायका (अभ्रकाचा कपॅसिटर), बासला ०.१ आणि मिडला ०.०४७ मायक्रोफॅरडचे जाडजूड तपकिरी कपॅसिटर, त्यांवर ठसठशीत ‘६०० व्होल्ट’, शिवाय २५० के ओहमचे दोन पॉट (नॉबखालचे, फिरवून कमीजास्त होणारे रेझिस्टर). मीटरवर सगळे आकडे बरोबर आले. गोम तिथेच आहे. हातातला मीटर कपॅसिटर मोजतो अगदी कमी व्होल्टवर. अँपमध्ये मात्र १२एएक्स७ या व्हॉल्व्हच्या प्लेटचे (आउटपुटच्या पायाचे) दोनशेच्या आसपास डीसी व्होल्ट याच कपॅसिटरना अडवायचे असतात.

अँप चालू केला की सुरुवातीला ठीक वाजायचा. तापला की बासचा नॉब फिरवताना खरखर, आणि थोड्या वेळाने आवाज फाटल्यासारखा. पॉटवर डीसी सापडलं. तिथे ते जवळपास शून्य असायला हवं. कपॅसिटर गळत होते आणि ते व्होल्ट व्हॉल्यूम पॉटमार्गे पुढच्या ट्रायोडच्या (व्हॉल्व्हच्या पुढच्या टप्प्याच्या) ग्रिडवर, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या पायावर, जाऊन त्याचं बायस (ठरलेली स्थिर व्होल्ट-पातळी) बिघडवत होते.

०.०४७ वाला काढून कटरने चिरला. आत इपॉक्सी भरलेली आणि मधोमध एक चिमुकला हिरवा पॉलिस्टर कपॅसिटर, त्यावर २ए४७३जे. ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, जे म्हणजे पाच टक्के, आणि २ए म्हणजे १०० व्होल्ट. ६३० चा असता तर २जे असतं. कुठल्याही दुकानात किरकोळीत मिळणारी वस्तू! मायका तेवढा अस्सल निघाला. सगळंच खोटं दिलं तर गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी ओरडेल, हे त्याला ठाऊक असणार.

पॉटांचीही तीच कथा. छाप ए२५०के, म्हणजे लॉग (सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने वाढणारा). नॉब बरोबर मध्यावर ठेवून मधल्या पायापासून शून्याकडच्या पायापर्यंत मोजलं तर लॉग पॉट साधारण २५ ते ४० के दाखवतो. यांनी १२५ दाखवले, म्हणजे सरळ लिनियर (एकसारखा वाढणारा). बासचा सगळा फरक नॉबच्या सुरुवातीच्या थोड्याशा फिरण्यात उरकत होता. (जुन्या युरोपियन पॉटांवर ए म्हणजे लिनियर असायचं, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. इथे मात्र मूळ छाप घासून वर नवा मारलेला दिसत होता.)

कपॅसिटर लावण्याआधी गळती अशी बघा: एक पाय २५०-३०० व्होल्ट डीसीला, दुसऱ्या पायापासून ग्राउंडपर्यंत डीसी व्होल्टवर ठेवलेला मीटर. आकडा उसळून झपाट्याने शून्याच्या जवळ आला तर माल चांगला; काही व्होल्टांवर अडून बसला तर टाकून द्या. हे व्होल्ट जीव घेऊ शकतात, आणि प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये शिल्लक राहतात. आधी ते डिस्चार्ज करा. सवय नसेल तर माहितगाराकडूनच करून घ्या. स्पिरिटचा बोळा फिरवूनही बघा. माझ्या कपॅसिटरवरचा छाप बोळ्यालाच आला.

विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘‘तुमच्या सोल्डरिंगने जळला असेल,’’ एवढं उत्तर आलं आणि नंबर ब्लॉक. आता त्या जागी पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातले साधे ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिन आहेत, खरखर नाही. असं कुणाचं झालं असेल तर चिरलेले तुकडे, चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, ग्राहक तक्रारीसाठी १९१५ आहे.